गुडघ्यामागचं लाल कडं

१९९९च्या जूनमध्ये कंपनीने दत्तप्रसादला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी अमेरिकेत पाठवलं, तेव्हा प्रमिलाही हट्टाने सोबत गेली. अबुधाबीत बारा वर्षं काढलेल्या माणसांना तिथलं हिरवं रान म्हणजे चैनच. शनिवारी दोघं गुडघाभर गवतातून मनसोक्त हिंडली. सोमवारी तो अंघोळ करून आला, तर त्याच्या गुडघ्यामागे खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलेलं तिला दिसलं.

"अहो, गोचीड वाटतेय."

"गोचीड गुरांना लागते गं. मला कशाला लागेल?" तो हसला.

तिने त्यावर खोबरेल चोळलं आणि नखाने खरवडून काढलं.

अबुधाबीला परतल्यावर गुडघ्यामागे त्याच जागी लाल चट्टा उठला. रोज पसरत गेला, मधून फिका पडला आणि बांगडीएवढं कडं झालं. खाज नाही, दुखणं नाही. नुसता अंगात बारीक ताप. "नायटा आहे," प्रमिला म्हणाली आणि फार्मसीतून मलम आणलं. महिन्याभरात कडं गेलं. मलमाला गुण आला, असंच तिला वाटलं.

हिवाळ्यात त्याचा गुडघा नारळासारखा सुजला. एका डॉक्टरने युरिक अॅसिड सांगितलं, दुसऱ्याने संधिवात. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. टेंडरचे आकडे ज्याला तोंडपाठ असायचे, तो आता बेरजा चुकवू लागला. कुणाचं नाव घ्यायला जाई आणि मध्येच थांबे. दहावीतली लेक काव्या वैतागून म्हणे, "बाबा, यू ऑलरेडी आस्क्ड मी दॅट!" मग आईकडे बघून तेच उत्तर पुन्हा देई.

पावणेदोन वर्षं अशी गेल्यावर ती दोघं डॉक्टर बिलकीसकडे पोचली. बाई मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारले आणि विचारलं, "हे सगळं सुरू व्हायच्या आधी कुठे परदेशी गेला होता? जंगलात, गवतात?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. प्रमिलाने गोचिडीचं सांगितलं, कड्याचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

रक्त तपासणीसाठी परदेशी गेलं. उत्तर आलं: लाइम, गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार.

"तेव्हाच दोन-तीन आठवडे डॉक्सीसायक्लिनच्या साध्या गोळ्या घेतल्या असत्या तर बहुतेक इथवर आलंच नसतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्या कड्याला रक्ततपासणीही लागत नाही, बघूनच ओळखतात. पण इथे हा आजार कुणी पाहिलेलाच नाही हो."

"मी तेल लावलं होतं."

"तेल नको, जाळणंही नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. गवतात जाताना पँट मोज्यात खोचायची, आल्यावर सगळं अंग तपासायचं." बाईंनी पेन पुन्हा उचललं. "पण हे तुम्हाला कोण सांगणार होतं?"

प्रमिलाला त्या शेवटच्या वाक्याचा काही उपयोग झाला नाही. तिच्या हाताने चोळलेलं तेल, तिनेच ठरवलेला नायटा.

चार आठवडे रोज शिरेतून औषध दिलं. गुडघ्याची सूज उतरली, तो काठीशिवाय चालू लागला. प्रमिलाने देवापुढे साखर ठेवली. पण बोटांचा बधिरपणा हटला नाही आणि डोकंही पूर्वीसारखं झालं नाही. "जंतू मरतात, पण झालेली सगळी हानी भरून येईलच असं नाही," बाई म्हणाल्या. पुन्हा औषध द्या म्हणून प्रमिला अडून बसली. त्याने काही फायदा नाही, उलट अपायच होईल, असं बाईंनी तिला तीनदा समजावलं.

ऑफिसने सहा महिने सांभाळून घेतलं. मग मॅनेजर सूर्यकांत स्वतः घरी आले, चहा न घेता बसले आणि म्हणाले, "दत्ता, व्हिसा आता रिन्यू होणार नाही, भारतात परतावं लागेल. मी खूप प्रयत्न केला रे."

दत्तप्रसादने मान डोलावली. ते गेल्यावर त्याने विचारलं, "प्रमिला, आत्ता आले होते ते कोण?"

"तुमच्या ऑफिसातले," ती म्हणाली आणि आत जाऊन काव्याचा शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज भरायला बसली. कारणाच्या रकान्यापाशी तिचा हात अडला. तिने तो रकाना तसाच कोरा सोडला.