सोय, एस्तोय

"सकाळपासून कायची सोय सोय लावली, बाई?" गुरांना पेंढा टाकता टाकता सोमाजींनी सुनेला विचारलं.

"स्पॅनिशमधी 'सोय' म्हणजे 'मी आहे', मामाजी. आज तोंडी परीक्षा हाये."

"आमी तुही सोय पाहून राहिलो, अन् तू त्या स्पॅनिशवाल्यायची."

सोमाजी वाईट नव्हते, हीच चंदाची खरी अडचण. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. प्रितम, त्यांचा मुलगा आणि तिचा नवरा, जाऊन दोन वर्षं झाली होती. सिहोऱ्यात सगळ्यांना तिची फार कळकळ. आंधळगावचा एक बिजवर सोमाजींनी हेरून ठेवला होता. परीक्षेत नापास झाली तर त्याला बोलवायचं, हे त्यांनीच ठरवलं. तिला विचारायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम घरबसल्या करता येत होता, म्हणून तिने घेतला. कशाला, याचं उत्तर ती कोणाला देत नसे. त्या भाषेत तिला अजून कोणी 'बिचारी' म्हटलं नव्हतं, एवढं तिला पुरे होतं.

फोनला रेंज गोठ्याच्या भिंतीपाशीच मिळे. तिथेच ती उभी राहिली. पडद्यावर नागपूरच्या मॅडम आल्या. नाव, गाव, घरात कोण, सगळं नीट गेलं. मग मॅडमनी स्पॅनिशमध्ये विचारलं, लग्न झालंय का?

"एस्तोय विउदा," चंदा म्हणाली.

मॅडम मराठीवर आल्या. "पुस्तकात 'सोय विउदा' आहे, चंदाताई. मी विधवा आहे. घाई करू नका, पुन्हा सांगा."

घाई नव्हतीच. दोन्हींचा अर्थ 'मी आहे', पण माणूस मुळात जो असतो त्याला सोय आणि ज्या अवस्थेत असतो त्याला एस्तोय, हे मॅडमनीच शिकवलं होतं. ऑनलाइन वर्गातल्या मुली त्यावर अडखळल्या. चंदा अडखळली नाही. 'मी शिकून राहिली', म्हणजे शिकते आहे, हे स्पॅनिशमध्ये एस्तोयनेच होतं, आणि सिहोऱ्यात सगळे तसंच बोलतात.

"एस्तोय विउदा," ती पुन्हा म्हणाली. "विधवा ही माही ओळख नाही, मॅडम. माह्यावर आलेली वेळ हाये."

"मला गुण कापावे लागतील."

"कापा."

मॅडमनी खाली बघून काहीतरी लिहिलं आणि निकाल संध्याकाळी कळेल असं सांगितलं. फोन बंद झाला. चंदाला राग आला होता, आणि फार दिवसांनी बरंही वाटत होतं.

सोमाजी पेंढ्याची पेंडी हातात घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"येक शब्द तं होता. म्हणून टाकाचा होता. काहून अडली?"

"तो शब्द माहा नाही, मामाजी."

"अन् नापास झाली तं? आंधळगावले काय सांगू?"

"पास होवो का नापास. सांगा, सून शिकून राहिली."

सोमाजींनी पेंडी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि खिशातून आपला फोन काढला. रेंजसाठी ते भिंतीपाशी आले, तशी चंदा थोडी बाजूला सरकली.

"हॅलो," ते मोठ्याने म्हणाले. "हव, सिहोऱ्याहून सोमाजी. नाही, येऊ नका. सून शिकून राहिली."