यतीनच्या गाडीची लाल पिन

मसोलीत पंखे, मिक्सर आणि रिमोटच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या प्रल्हादला उभ्या जन्मात अंधाराची भीती वाटली ती फक्त लाईट गेल्यामुळे. भुताखेताला त्याच्या दुकानात उधारीवरसुद्धा जागा नव्हती. म्हणून सुधावहिनींनी यतीनची रिमोटची गाडी टेबलावर ठेवून, ही रोज दुपारी चारला कपाटात घरघरते असं सांगितलं, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं की बॅटरी काढून ठेवली होती का. वहिनींनी दुसरी पिशवी पुढे केली. बॅटरी वेगळीच होती, आणि पुरीसारखी टम्म फुगलेली.

वहिनींचा नवरा यतीन रेल्वेत सिग्नलवर होता. त्याला जाऊन येत्या रविवारी वर्ष होणार होतं. तो आणि प्रल्हाद दर रविवारी चारच्या ठोक्याला बोर्डीच्या किनाऱ्यावर गाड्या पळवायचे. ओहोटी असली तर ओल्या वाळूवर, नसली तर सुरूच्या झाडांखाली. आता वहिनी तलासरीच्या शाळेतून घरी पोचतात न पोचतात तोच कपाटात चाकं फिरायला लागत. रविवारी गाडी एकदा वाळूवर पळाली की यतीनचा जीव शांत होईल, असं वहिनींच्या मनानं घेतलं होतं. नाही झाला, तर त्या घराला कुलूप लावून तलासरीलाच खोली घेणार होत्या.

"फक्त जाळू नका, भावजी," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "यांच्या हातची एवढीच वस्तू राहिलीय."

जळली असती तर खरंच संपलं असतं. गाडीच्या पोटातली वेग सांभाळणारी डबी आता कुठे मिळत नव्हती.

प्रल्हादनं फुगलेली बॅटरी दाराबाहेर वाळूच्या बादलीत ठेवली आणि स्वतःची चांगली बॅटरी काढली. तिची पिन पिवळी, गाडीची लाल आणि चपटी. एकमेकींत जाणार कशा? पण खणात तयार जोडतार होती, एका टोकाला पिवळी, दुसऱ्याला लाल. तोंडात तोंड बसलं की काम झालं, हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता.

त्यानं तार गाडीजवळ नेली. चाकं पाव फेरा फिरली आणि गाडी वीतभर मागे सरकली.

टेबलाला उतार असेल, म्हणून त्यानं चाकामागे स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकला. दुसऱ्या खेपेला गाडी स्क्रू ड्रायव्हरवरून मागे गेली. तिसऱ्या खेपेला ती टेबलाच्या कडेला एक चाक हवेत ठेवून उभी राहिली. आता पुढे आलास तर उडी टाकीन, असा तिचा एकंदर पवित्रा. प्रल्हादच्या हातातली तार खाली पडली. फळीवरचा, बॅटऱ्या तपासायचा बंद मीटर त्याच वेळी आपसूक एकदा पीप वाजला.

मीटर बोलावतोय म्हटल्यावर जाणं भाग होतं. त्यानं बादलीशी बसून फुगलेल्या बॅटरीच्या पिनेला मीटरच्या सुया लावल्या, लाल सुई प्लसच्या बाजूला. आकडा आला, पण त्याच्या आधी वजा. त्यानं सुया तपासल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा वजा.

मग त्यानं पिनेवरची काळी नळी ब्लेडनं चिरली. लाल तार मायनसला डागलेली होती. गाडीच्या पिनेतही तसंच. दोन्हीकडे उलटं, म्हणून यतीनचं आपलं आपल्यात सुरळीत चालायचं. दुसऱ्याची सरळ बॅटरी लागली की मात्र धूर.

किंवा यतीनची बॅटरी दुसऱ्याच्या गाडीला लागली की.

प्रल्हादच्या मानेवर कोणीतरी गार फुंकर घातली. सात वर्षांपूर्वी दोघांच्या गाड्यांना लालच पिना होत्या. यतीन चहाला गेला की प्रल्हाद त्याची भरलेली बॅटरी गुपचूप स्वतःच्या गाडीला लावायचा. एका रविवारी प्रल्हादची गाडी धुरात गेली. वाळू शिरली, असं त्यानं सांगितलं. वाळूच असणार, असं म्हणून यतीननं त्याला चारोटीला नेऊन मिसळ खाऊ घातली होती.

"वहिनी," तो बादलीशी बसूनच म्हणाला, "माझी गाडी वाळूनं नाही जळली. मी त्याची बॅटरी चोरून लावायचो."

वहिनींनी स्टूल दाराकडे ओढलं. "माहितीय. तारा उलट करताना टॉर्च मीच धरला होता. तुम्ही कबूल होईपर्यंत बोलायचं नाही, अशी यांनी शपथ घातली होती."

"आणि आज ही जळली असती तर?"

"हे जळू देतात होय?"

टेबलाच्या कडेची गाडी हळूच चारही चाकांवर आली. प्रल्हादनं तिची लाल पिन कापून टाकली, तिच्या जागी स्वतःच्या बॅटरीच्या जोडीची पिवळी डागली; लाल तार प्लसला, काळी मायनसला, प्रत्येकीवर वेगळी नळी. मग एकदा रंगांनी आणि दोनदा मीटरनं पडताळलं. गाडी न्हाव्यापुढे बसल्यासारखी शांत होती.

रविवारी ती बोर्डीच्या वाळूवर पाण्याच्या कडेकडेनं नाकासमोर पळाली. वहिनींचं कपाट त्या दिवसापासून गप्प आहे.

सोमवारी चारला प्रल्हादच्या दुकानातल्या पोटमाळ्यावर घरघर सुरू झाली. तिथे त्याची जळकी गाडी पडली होती. तिची मोटर सात वर्षांपूर्वीच भंगारात गेली होती.

प्रल्हादनं शिडी लावली, आणि वर चढण्याआधी मीटर खिशात घातला.