यादीतून वगळलेला मोबाईल

तडकलेल्या काचेमागून मी बोलतोय. मी एक सात वर्षांचा मोबाईल. आमच्यात हे वय म्हणजे शंभरीच. पण कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा, मी कामावर आहे.

मला विकत घेतलं मालेगावच्या मुझफ्फरभाईंनी. ते यंत्रमागावर कामाला आहेत. पाच वर्षं मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात काढली. चार्जिंगच्या भोकात सुताचं तूस जाऊन बसायचं, ते सुईने उकरून काढायचे. पुढे दारावरची भांडीवाली माझ्या बदल्यात प्लास्टिकचा टब द्यायला तयार झाली. सौदा ठरल्यातच जमा होता, तेवढ्यात त्यांची मुलगी माहेनूर आडवी आली आणि मला नाशिकला घेऊन गेली.

नाशिकला ती एका क्लासमध्ये मोबाईल अ‍ॅपचं वरच्या पातळीचं प्रोग्रामिंग शिकते. शेवटच्या प्रोजेक्टचा विषय तिच्या मनात पक्का होता. दोन वर्षांपूर्वी अब्बांचा हात मागाच्या पट्ट्यात अडकला होता. ते जिवाच्या आकांताने ओरडले, पण चाळीस मागांच्या खडखडाटात ऐकणार कोण? मेन स्विचजवळ असणारे इब्राहिम मिस्त्री दहा पावलांवर पाठमोरे उभे होते. अब्बांचं एक बोट गेलं. मी तेव्हा खिशातच होतो. काही करू शकलो नाही, हे मला अजून लागतं.

म्हणून माहेनूरचं अ‍ॅप. ते उघडून लाल बटन दाबलं, की मिस्त्रींसमोरच्या खांबावर टांगलेल्या फोनचा टॉर्च लुकलुकणार आणि ते मेन स्विच पाडणार.

क्लासमधली मुलं आपापली अ‍ॅप कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या खोट्या फोनवर तपासायची. तिथे तिचं अ‍ॅप झटक्यात उघडायचं. माझ्यावर लागले अकरा सेकंद.

सर हसले. "अगं, हा फोन आता वापरतं कोण? अ‍ॅप चालणाऱ्या फोनच्या यादीतून जुने फोन वगळून टाक, विषय संपला."

"सर, कारखान्यात सगळ्यांकडे असलेच फोन आहेत."

"मग मार्क विसर."

मी तापलो. बॅटरीने नाही, रागाने.

खरं सांगायचं तर चूक तिचीही होती. अ‍ॅप उघडताना तिने मागावर पळणारा धोटा दाखवला होता, रंगीत सुतासकट. त्यावर पंधरा दिवस घालवले होते. विणकराच्या मुलीशिवाय असला हट्ट कोण करणार? रविवारी घरी येऊन तिने मोठ्या हौसेने तो अब्बांना दाखवला. मुझफ्फरभाई मला हातात धरून वाट बघत राहिले.

"बेटी, धोटा तो दिनभर देखता मैं. बटन कुठं हे?"

माहेनूरने दुपारभर कॉम्प्युटरपुढे बसून तो धोटा पुसला. डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. मग फोटो उडवले, नक्षीदार अक्षरं उडवली. शेवटी लाल बटन उरलं. माझ्यावर अ‍ॅप दीड सेकंदात उघडलं.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी सरांनी आपला नवा फोन पुढे केला. "नको सर," म्हणत तिने मलाच टेबलावर ठेवलं. सगळ्या वर्गासमोर पलीकडे ठेवलेल्या दुसऱ्या फोनचा टॉर्च लुकलुकला. सरांनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा लुकलुकला. मार्क किती दिले, ते निकालात कळेल.

आता मी मुझफ्फरभाईंच्या मागाला टांगलेला असतो. मंगळवारी शेजारच्या मागावर भिकाची बाही पट्ट्यात ओढली गेली. मुझफ्फरभाईंनी झडप घालून माझ्यावरचं अ‍ॅप उघडलं आणि बटन दाबलं. खांबावर टॉर्च चमकला, मिस्त्री वळले, स्विच पडला. भिकाची बाही कोपरापर्यंत फाटली. हात शाबूत आहे.

मला आता नवे अपडेट येत नाहीत. नकोतच मला. अ‍ॅप बनवणाऱ्या पोरापोरींनो, मला खुशाल वगळा. फक्त त्याआधी मागावर उभ्या असलेल्या माणसाला विचारून या, त्याला किती सेकंद थांबायला जमेल.