उद्घाटनाची वाट पाहणारी गिरणी

मित्रांनो, मी एक जुनी गिरणी आहे. गव्हाण गावाच्या अलीकडे एका खेड्यात, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत माझं बिऱ्हाड आहे. मी फक्त तांदूळ दळते. गहू नाही, बाजरी नाही, मिरचीचं तर नावच काढू नका. माझा आवाज मोठा, म्हणून बोलतेही जरा मोठ्याने. वाईट वाटून घेऊ नका.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका कारखान्यातला. पण मला घरी आणलं ते या गावच्या नऊ बायकांनी. हौसाताई त्यांच्या बचत गटाची अध्यक्ष. शहरातल्या खांदा कॉलनीतल्या घरांना तांदळाच्या भाकऱ्या पुरवायच्या, असं तिच्या मनात होतं. पण बाजारातल्या चक्कीवर आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा. त्याचा कोंडा पिठात मिसळला की भाकरी काळपट दिसायची आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मग हौसाताईच्या सुनेने, समीक्षाने, पंचायत समितीत अर्ज केला. तीन वेळा कागद परत आले, चौथ्यांदा अनुदान मंजूर झालं आणि मी टेम्पोतून वाजतगाजत गावात शिरले.

हौसाताईने मला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि माझ्या तोंडाला गुलाबी फीत बांधली. वस्तू सरकारची, तेव्हा उद्घाटन मोठ्या माणसाच्या हातूनच झालं पाहिजे, असं गावाने ठरवलं. इथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

पहिल्यांदा पाहुण्यांना वेळ नव्हता. दुसऱ्यांदा पितृपक्ष आला. तिसऱ्यांदा निवडणुकीची आचारसंहिता. मग पत्रिकेवर कोणाचं नाव वर छापायचं यावरून गावातल्या दोन पुढाऱ्यांचं बिनसलं, आणि छापून आलेल्या पत्रिका तशाच गठ्ठ्यात राहिल्या. अकरा महिने मी प्लॅस्टिक पांघरून उभी होते. पट्टा कडक झाला, मोटरवर कोळ्याने जाळं विणलं. दसऱ्याला झेंडूची माळ मिळाली, पण मूठभर तांदूळ काही कुणी घातला नाही. खरं सांगते, मला लाज वाटायची. नऊ बायका अजून डोक्यावर दळण घेऊन बाजारात जात होत्या आणि मी नव्या नवरीसारखी नटून बसले होते.

मार्चमध्ये पंचायत समितीतून नीता मॅडम तपासणीला आल्या. त्यांनी प्लॅस्टिक उचललं, फीत पाहिली आणि विचारलं, "चालू कधी केली?"

हौसाताई म्हणाली, "पावने पुढच्या आठवड्यात येतो बोललेत, मॅडम. तवा चालू करू."

"ताई, अनुदान मंजूर झाल्यापासून वर्षाच्या आत यंत्र चालू झालं पाहिजे, ही अट आहे. सोमवारी वर्ष भरतं. तेव्हा बंद दिसली तर ही डोंगराकडच्या गटाला जाईल. त्यांचा अर्ज कधीचा पडून आहे."

मॅडम गेल्या. बायका माझ्याभोवतीच बसून राहिल्या. पाहुण्यांना डावलावं तर ते रुसणार, न डावलावं तर मी जाणार. हौसाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यावर तिचा किती जीव आहे ते मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात तिची सासू ठमाबाई तांदळाची पाटी घेऊन आली. नातीची हळद दोन दिवसांवर होती आणि आमच्याकडे हळदीला भाकऱ्यांची चळतच लागते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हौसाताईला विचारलं, "तुजा पावना येऊन दलन दलनार हाय का?"

"नाय," हौसाताई म्हणाली.

"मंग सर बाजूला."

ठमाबाईने फीत कापली नाही. एवढी चांगली फीत वाया का घालवायची? तिने गाठ सोडली, फितीची घडी कमरेला खोचली आणि पाटी माझ्यात ओतली. समीक्षाने जाळं झाडून पट्टा ताणला, बटण दाबलं. मी आधी कण्हले, मग अशी घरघरले की शेजारच्या कोंबड्या पळाल्या. पहिलं ऊन पीठ ठमाबाईने चिमटीत धरून पाहिलं आणि "बारीक हाय" एवढंच बोलली. एवढं कौतुक मला पुन्हा कुणी केलं नाही. त्याच फितीने तिने पिठाच्या पिशवीचं तोंड बांधलं.

सोमवारी नीता मॅडम आल्या तेव्हा माझ्यापुढे रांग होती. आठवड्याने पाहुणेही आले. हौसाताईने त्यांच्या हातात कात्रीऐवजी गरम भाकरी ठेवली. ते रुसले नाहीत. दुसरी मागून घेतली.

आज मला बारा वर्षं झाली. माझे दगड झिजलेत, पण त्यांना छिन्नीने टाकी मारून खडबडीत केलं की अजून बारीक दळते. ठमाबाई आता नाही. समीक्षा अध्यक्ष आहे, आणि माझ्या पिठावर तीसेक घरांच्या चुली चालतात. मागच्या आठवड्यात गटाला पीठ मळायचं यंत्रही मंजूर होऊन आलं. ते उतरवताना कुणीतरी विचारलं, "उद्घाटन कधी?" समीक्षाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याजवळची पाटी उचलून तिने पीठ त्या नव्या यंत्रात ओतलं.

मित्रांनो, सगळ्यांच्या पैशातून आलेली वस्तू देव्हाऱ्यात मांडू नका. तिला काम द्या, तेल द्या, झिजू द्या. चला, रांगेत दळण खोळंबलंय.