काचेच्या आत बसणारी

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलात ते तुम्हीही पुढे सरका, ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. राजाची नाही, साधूची नाही. गाड्यांच्या काचा घासणाऱ्या एका माणसाची आणि त्याच्या बायकोची आहे. कंटाळा आला तर खुशाल उठून जा, मी राग धरणार नाही. पण शेवटपर्यंत बसलात, तर एक मागणं मागणार आहे. ते तेवढं पदरात घाला.

"सरळ आहे का गं?"

"सरळ आहे."

"नीट बघितलंस?"

"बघितलं म्हणते ना! आता काय लिहून देऊ?"

गाणारा कितीही लांब फिरून आला तरी शेवटी ध्रुवपदावर येतो. या नवराबायकोचं ध्रुवपद हे. तो बाहेर, हातात घासायचं यंत्र, कोपरापर्यंत दुधासारखा पांढरा पॉलिशचा लेप माखलेला. ती आत, चालकाच्या जागेवर. मध्ये काच. सगळा संसार त्यांनी असा काचेतून एकमेकांकडे बघत केला.

लोक त्याला मामा म्हणत, म्हणून ती मामी. मामाचं काम पुढच्या काचेवरचे ओरखडे काढायचं. वायपरचं रबर झिजतं, त्याखाली खडा अडकतो, आणि पाऊस पुसता पुसता काचेवर चंद्रकोर कोरली जाते. मामा आधी तिच्यावरून नख फिरवी. नख अलगद घसरलं तर काम घ्यायचं. अडकलं तर हात जोडायचे, "हे माझ्याच्यानं होणार नाही, काच बदला." कारण खोल ओरखडा काढायला गेलं की भोवतालची काचही झिजते, तिथे वाटीसारखी खोलगट जागा होते, आणि तिच्यातून पाहिलं की समोरचं जग वाकतं. बाहेर उभ्या माणसाला हे कळत नाही. आत बसूनच कळतं.

म्हणून मामी आत. आवाराच्या टोकाला, भिंतीपाशी, मामाने एक लोखंडी पाइप उभा रोवला होता, लाल-पांढरे पट्टे मारलेला. मामीने त्याच्याकडे बघत मान डावीकडून उजवीकडे हळूहळू न्यायची. पाइप सरळच राहिला तर काच सरळ. मध्येच लचकला तर ती आतून काचेवर टकटक करी.

"थांबा! डावीकडे पोट आलंय."

"पोट? कुठे पोट? उगाच काहीतरी!"

"तुमच्याइतकं नाही आलं. पण आलंय."

शेजारचा टायरवाला हे ऐकून पान्यासकट हसायचा. ही गोष्ट मला त्यानेच सांगितली. तो खोटं बोलतो, पण ते चाकांच्या बाबतीत. माणसांच्या बाबतीत नाही.

तर त्या दिवशी शाळेची गाडी आली. चालवणारी ताई मामाच्या लेकीच्या वयाची. उतरली तीच डोळे चोळत.

"मामा, सकाळी ऊन समोरून आलं की काही दिसत नाही हो. सगळी काच पेटते. आत पोरं गाणी म्हणत असतात आणि मी इथे देवाचं नाव घेत असते."

मामाने काचेला तिरपी मान करून बघितलं. "दोन दुखणी आहेत बघ. हे बारीक खळगे दिसतात? वाळूच्या ट्रकांमागून जातेस ना, एकेक कण टोचून गेलाय. हे घासून जायचे नाहीत. असे प्रत्येकाच्याच काचेला पडतात, वय झालं की. पण पेटवतोय तो हा वायपरचा ओरखडा, ऐन डोळ्यांसमोरचा. त्याचं मी बघतो."

त्याने नख फिरवलं. अडकल्यासारखं झालं, पण नाहीही. वर्षापूर्वीचा मामा असता तर हात जोडून मोकळा झाला असता. पण वर्षभरात एक गोष्ट झाली होती. मामी टकटक करायची थांबली होती. विचारलं की लगेच "सरळ आहे." पोट नाही, लचक नाही, भांडण नाही. मामाच्या मनाने घेतलं की म्हातारपणी का होईना, आपला हात बसला. टायरवाल्याला सांगायचाही, "आता बाईसाहेबांना नाव ठेवायला जागा सापडत नाही." ताठ्याला वय नसतं, मंडळी. तो पांढऱ्या केसांतही सुखाने राहतो.

"होईल," मामा म्हणाला. "बस सावलीत."

पॉलिशची पूड पाण्यात कालवली. यंत्राची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती ओली केली. यंत्र हळू फिरवायचं, एका जागी थांबायचं नाही, पाणी तुटू द्यायचं नाही, नाहीतर काच तापून तडकते. ओरखडा हट्टी होता. मामा परत परत तिथेच येत राहिला. शेवटी पाण्याचा झोत मारून फडक्याने पुसलं, तर चंद्रकोर गेलेली. काच अशी स्वच्छ की नसल्यासारखी.

"सरळ आहे का गं?"

"सरळ आहे."

ताई हसत हसत गाडी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आतच ती परत आली. पोरांना शाळेत उतरवून थेट. गाडी उभी केली आणि दार उघडून तशीच बसून राहिली.

"काय गं, काय झालं?" मामी भिंतीला हात लावत बाहेर आली.

"मामी, एक सायकलवाली मुलगी होती. मला ती डावीकडे दिसली. मी तशीच पुढे चालले. आणि ती एकदम... वाकली, पाण्यातल्या काठीसारखी, आणि गाडीच्या अगदी समोर आली. ब्रेक लागला म्हणून. मागे सगळी पोरं एकमेकांवर आदळली. एकाच्या ओठातून रक्त आलं." ती आपल्या हातांकडे बघत होती. "मुलीला काही नाही झालं. ती मला जीभ दाखवून गेली. पण मामा, ती होती कुठे नि दिसली कुठे?"

 मामाने तिला खाली उतरवलं, स्वतः आत बसला. कित्येक वर्षांत तो त्या जागेवर बसला नव्हता. आवाराच्या टोकाकडे नजर लावून त्याने मान हलवायला घेतली आणि थांबला.

"पाइप कुठाय?"

टायरवाल्याने तिकडून मान वर केली. "माझ्याकडे आहे की, मामा. ट्रकच्या चाकाचे नट हलेनात, म्हणून परवा संध्याकाळी उपटून आणला. तुम्ही घरी गेला होतात. आज लावतो परत."

परवा. आणि काच तर काल घासली होती. काम करताना मामाची पाठ त्या भिंतीकडे असायची. त्याने वळून बघायचं कारणच नव्हतं. बघणारी आत बसली होती. नसलेल्या पाइपकडे बघून ती म्हणाली होती, सरळ आहे.

मामा काचेतून बायकोकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे तोंड करून उभी होती, पण नजर जरा बाजूला, त्याच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी. किती दिवस ती अशी बाजूला बघत असेल? आणि आपण हाताच्या कौतुकात!

तो उतरला. ताईसमोर उभा राहून म्हणाला, "चूक माझी. नख अडकत होतं, तरी घासलं. हात एका जागी थांबला. ही काच मी आजच्या आज उतरवतो आणि नवी बसवतो. तोवर गाडी हलवायची नाही."

एवढ्यावर भागलं असतं. ताईचं समाधान झालं होतं, मामाने झाकायचं ते झाकलं होतं. पण मामी पुढे आली. गाडीच्या पत्र्यावरून हात सरकवत, दाराच्या कडेपर्यंत.

"ते खरं सांगताहेत, पण अर्धं. हात त्यांचा थांबला. पण तो थांबला हे सांगायचं काम माझं होतं." तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसा. "मला पाइप दिसत नाही, पोरी. वर्ष होत आलं. काचबिंदू आहे म्हणाले डॉक्टर. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची."

"अगं, मला बोलली का नाहीस?" मामा म्हणाला.

"लेकीकडे गेले होते तेव्हा कळलं. तिलाही शपथ घातली." मग त्याच्याकडे वळून, "बोलले असते तर तुम्ही मला घरी बसवलं असतं. मायेनेच बसवलं असतं. पण मी तिथे करणार काय? मला एवढं एकच काम येतं. तुम्ही विचारता आणि मी सांगते." आणि पुढे म्हणाली, "तुमचा हात चांगला आहे, भरवसा होता. म्हणून म्हणत गेले. पण भरवसा म्हणजे बघणं नव्हे. आत पोरं बसतात."

ताईने तिचा हात धरला. टायरवाला पाइप घेऊन आला होता, तो तसाच उभा राहिला. माणसाला कधीकधी हातातली वस्तू कुठे ठेवावी कळत नाही.

काच उतरवली. नवी बसली. ती वाकडी काच मामाने भिंतीला टेकवून ठेवली, फोडली नाही.

घरी दोघं काय बोलले ते टायरवाल्याला माहीत नाही, म्हणून मलाही माहीत नाही. एवढं माहीत आहे की मामी कामावर यायची थांबली नाही. पण नुसती बसून असायची, पाण्याच्या बादलीपाशी. मामा काम घेईना, म्हणून पाइपही टायरवाल्याकडेच पडून राहिला. येईल त्याच्या काचेवर नख फिरवी आणि म्हणे, "अडकतंय." टायरवाल्याच्या गाडीलाही तेच म्हणाला; त्याने स्वतः काचेवर नख फिरवून बघितलं, अजिबात अडकत नव्हतं.

मग एक म्हातारा टॅक्सीवाला आला. ओरखडा वरवरचा होता. मामा "अडकतंय" म्हणणार, तोच मामी उठली. बोट काचेवर ठेवलं, नख ओढलं. "कुठे अडकतंय? घासा."

मामाने घासलं. कधी नव्हे इतकं सावकाश. पाणी मारलं, पुसलं. मग दोघंही गाडीच्या दारापाशी आले आणि थांबले. मामीने दार उघडलं. आत बसली नाही.

"बसा तुम्ही."

"आणि तू?"

ती भिंतीला हात लावून चालू लागली, आवाराच्या टोकापर्यंत. टायरवाला धावला, "मामी, पाइप देतो ना, आत्ता देतो!"

"राहू दे तुला. तुझे नट निघत नाहीत त्याच्याशिवाय."

पायाने चाचपून तिने ती जागा शोधली, जिथे पाइपचं भोक होतं. त्यावर उभी राहिली. पदर खांद्यावर घट्ट घेतला, हात बाजूला सोडले, मान वर केली.

मामा आत बसला. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेली. मग उजवीकडून डावीकडे. काचेपलीकडे ती उभी होती. डोक्यापासून पावलापर्यंत कुठे लचक नाही, कुठे थरथर नाही.

"सरळ आहे का हो?" तिने तिकडून विचारलं.

त्याने मान परत एकदा डावीकडे नेली. काच स्वच्छ होती. डोळे नव्हते.

"घाई करू नका," ती म्हणाली. "डावीकडे पोट नाही ना? नीट बघा."

"सरळ आहे," मामा म्हणाला. "अगदी सरळ आहे."

त्यानंतरच्या सगळ्या काचा त्याने अशाच तपासल्या. पुढे तिला उरलेलंही दिसेनासं झालं. तरी ती जागेवर जाऊन उभी राहायची, उन्हात, गार वाऱ्यात, आणि तिकडून विचारायची. आता ती नाही. टायरवाल्याने पाइप परत रोवलाय, ताजे पट्टे मारून. मामा आत बसतो, मान हलवतो, आणि गिऱ्हाईक समोर असलं तरी पाइपकडे बघून मोठ्याने म्हणतो, "सरळ आहे." कोणी विचारलेलं नसतं.

आता माझं मागणं. देव सगळ्यांना धडधाकट डोळे देवो. पण उद्या सकाळी गाडी काढाल, ऊन समोरून येईल, काचेवरचा एकेक खळगा पेटेल. तेव्हा वेग जरा कमी करा. आणि काचेपलीकडे एखादा खांब, एखादं झाड, रस्ता ओलांडणारं एखादं पोर जिथल्या तिथे सरळ दिसलं, तर त्या माउलीची आठवण काढा. हात जोडू नका, ते स्टिअरिंगवरच असू द्या. नुसती आठवण काढा.