निर्मळ पोटाची वाटी

वाटीबाबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा वाटीत पेटती वात फिरवायचे आणि वाटी पोटावर पालथी घालायचे. चिकटली तर आत जखम, मग बाबांचा महागडा काढा; पडली तर पोट निर्मळ. टण्णकन पडली की लोक हात जोडायचे.

माझ्या दादाचीही पडली होती.

मी दवाखान्यात पोट तपासायच्या दुर्बिणीच्या नळ्या धुते. डॉक्टरीणबाईंना अभ्यासासाठी ठणठणीत माणसं हवी होती, म्हणून मीच दादाला नेलं. दादा सुतार, दगड पचवणारा गडी. पण पडद्यावर त्याच्या जठरात लाल जखम दिसली.

"गुडघेदुखीच्या गोळ्या बंद करा," बाई म्हणाल्या. "जखम त्यांनीच केलीय, आणि दुखणंही त्याच दाबून ठेवतात."

"अगं, मला दुखतच नाही, तर जखम कसली?" असं मलाच सुनावत दादा थेट बाबांकडे गेला. वाटी पडली. बाईंनी दिलेलं औषध फळीवरच राहिलं, गुडघ्याच्या गोळ्या चालूच राहिल्या. अठराव्या दिवशी रंधा मारता मारता त्याला रक्ताची उलटी झाली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी मला ती वाटी आठवते.

आज मी रांगेत उभी राहून नुसती बघत होते. ज्याच्या अंगावर सोनं, त्याच्या वाटीत वात बराच वेळ फिरे, आणि वाटी चिकटे. फाटक्या सदऱ्यासाठी वात फिरवल्याची नुसती हूल, आणि वाटी पडे. म्हणजे दादाकडून उकळण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो निर्मळ ठरला!

"ये माई," बाबा म्हणाले. "वाटी खोटं बोलत नाही. जखम दिसली की मिठीच मारते!"

मी वाटी हिसकावली, वात चांगली फिरवली आणि त्यांच्याच ढेरीवर थापली. घट्ट बसली.

"अगंबाई, बाबांनाच जखम!" कोणीतरी ओरडलं.

"कसली जखम?" मी म्हणाले. "आतली हवा तापते, निवली की आकसते, म्हणून वाटी कातडी ओढून धरते. पोटातलं तिला काय कळणार? आणि न दुखणारी जखमही असते, लोकहो! रोज दुखण्यावरच्या गोळ्या खात असाल तर डॉक्टरांना विचारा."

बाबांनी ओढून वाटी काढली. ती पडली, टण्ण. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

एक गवंडी लंगडत पुढे आला. त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "ताई, माझंही पोट काही दुखत नाही. कुठे आहे तुमचा दवाखाना?"

मी त्याचा हात धरला आणि तशीच घेऊन निघाले. दादालाही असंच ओढत न्यायला हवं होतं.