उपवासाचा कोबी

ओढ्याकाठच्या तुकड्यात आजवर घरापुरतं तेफचं धान्य पिकायचं. वर्षभराच्या इंजेराचं, रोजच्या भाकरीचं, पीठ त्यातूनच निघे. यंदा अस्कालेनं हट्टानं तिथं कोबी लावला. तो वाया गेला तर पोरांच्या ताटात काय वाढायचं, ही काळजी तिला झोपू देईना.

आणि कोबी भरला तो नेमका ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या आदल्या आठवड्यात! उपवासाआधी मांस खाऊन घ्यायला गावानं वाटणीचा बैल कापला होता, घराघरांतून कढवलेल्या तुपाचा वास येत होता. व्यापारी तेकोला आला, गड्डा हातावर तोलून हसला.

"वहिनी, या आठवड्यात हे गवत कोण खातंय? मातीमोल देत असाल तर नेतो."

"देऊन टाक," नवरा अदमासू म्हणाला. "तडकले की बकऱ्याही हुंगणार नाहीत."

"नाही द्यायचा," अस्काले हळू आवाजात म्हणाली. "सोमवारपासून अदिस शहरात ईस्टरपर्यंत मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. बाया चुलीवर काय चढवतील? जन्मभर उपास धरलेत मी, मला ठाऊक आहे."

तेकोला खांदे उडवून निघून गेला.

मरियमआईचं नाव घेत ती वाफ्यात उतरली. एकेक गड्डा दोन्ही हातांनी धरून अलगद पीळ देऊ लागली. थोडी मुळं तुटली की गड्डा पाणी ओढत नाही, तडकत नाही.

"माना मुरगळतेस होय गं त्यांच्या?" अदमासूनं टोमणा मारला.

"दम धरायला सांगतेय. तुम्हीही धरा."

सोमवार उजाडला, कुणी फिरकलं नाही. काही गड्डे तडकलेच. अस्काले उरलेल्यांना पुन्हा पीळ देत राहिली.

मंगळवारी बांधावर ट्रक थांबला. तेकोला पळतच आला.

"वहिनी, सगळा भरा! परवाच्याच भावानं..."

"परवाचा भाव बैलाबरोबर संपला, दादा."

तेवढ्यात वळणावर दुसऱ्या व्यापाऱ्याचा भोंगा वाजला. तेकोलाचा चेहरा उतरला, भाव चढला. अदमासू छाती काढून पुढं आला. "गवत म्हणाला होतास ना? आता कोबीचं बोल!"

शनिवारी कोबीच्या पैशांनी बाजारातून गाढवाच्या पाठीवर तेफ आलं. त्या तुकड्यानं एवढं कधीच दिलं नव्हतं. शेजारणी बी मागायला दारात जमल्या.

"देते," अस्काले म्हणाली, "पण आधी पुढचा उपवास कधी ते बघा, मग बी टाका."

आणि अदमासू, कुणी न सांगता, वरच्या तुकड्यातही कोबी घ्यायचा म्हणून तिकडे पाण्याचा पाट काढायला निघाला.